हँगर पाहून आले आणि भीती वाढली

पत्राचा गोषवारा: पत्र लिहिणाऱ्या बाई पन्नाशीच्या आहेत. त्यांची थोरली बहीण समुद्रापलीकडच्या देशात राहते आणि काही महिन्यांनी तिचा साठावा वाढदिवस आहे. तिथे विमानाशिवाय पोचता येत नाही आणि विमानात बसण्याच्या नुसत्या कल्पनेने त्यांची झोप उडते. शेवटच्या प्रवासाला बरीच वर्षे लोटली आहेत. वर्षभरापूर्वी त्या विमानप्रवासाची भीती असलेल्यांच्या एका गटात दाखल झाल्या. या गटाने नुकतीच विमानांची देखभाल होते त्या हँगरला एकत्र भेट दिली. आसने काढून रिकामे केलेले विमान, झाकणे उघडलेले इंजिन, पत्र्यावरच्या पोच्यांभोवती पेनने काढलेली वर्तुळे आणि पंखावर चिकटवलेली चंदेरी पट्टी त्यांनी तिथे पाहिली. ‘ही दुरुस्ती पुढच्या तपासणीला होईल’ असे एक इंजिनिअर दुसऱ्याला सांगत असल्याचेही त्यांच्या कानावर पडले. बाकीची मंडळी हलक्या मनाने परतली, दोघांनी तर तिकिटेही काढली. यांचा मात्र रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. आता गट पुन्हा एकदा हँगरला जाणार आहे आणि त्यानंतर सगळे मिळून एक छोटा विमानप्रवास करणार आहेत. त्या विचारतात : ‘काही गोष्टी न पाहिलेल्याच बऱ्या असतात का? मी पुन्हा जावे की गट सोडावा? आणि बहिणीला काय सांगावे?’ रजा मिळत नसल्याचे कारण त्यांनी बहिणीला दिले आहे.

उत्तर :

तुमच्या पत्रात तुम्ही पाहिलेल्या वस्तूंची यादी इतकी नेमकी आहे की ते पत्र घाबरून पळालेल्या माणसाचे नाही, हे पहिल्या वाचनातच लक्षात आले. तुम्ही घाबरत होता आणि तरीही नीट पाहत होता. म्हणून मन, गट आणि बहीण यांच्याकडे वळण्याआधी त्या वस्तूंबद्दलच थोडे सविस्तर लिहिते, कारण त्या प्रत्येक वस्तूचा तुम्ही लावलेला अर्थ मला तपासून पाहावासा वाटतो.

आसने काढलेले ते विमान बहुधा ठरलेल्या मुदतीच्या तपासणीसाठी आलेले असणार. प्रत्येक उड्डाणाआधी विमानाभोवती फिरून पाहणी होते, काही शे तासांच्या उड्डाणानंतर अधिक बारकाईची तपासणी होते आणि काही वर्षांनी एकदा विमान आठवडेच्या आठवडे जमिनीवर ठेवून, आसने, आतली आवरणे आणि जमिनीच्या फळ्या काढून, त्याचा सांगाडा उघडा करून पाहिला जातो. ही वेळ विमान बिघडले आहे की नाही यावर ठरत नाही. उड्डाणांचे तास, उड्डाणांची संख्या आणि उलटलेले महिने यांच्या हिशेबाने ती येते. तुम्ही पाहिलेले विमान ठणठणीत असूनही तिथे आलेले असू शकते.

पोच्यांभोवतीच्या वर्तुळांनी तुम्हाला सर्वाधिक अस्वस्थ केलेले दिसते. सामान चढवणाऱ्या गाडीचा धक्का लागतो, गारा पडतात, धावपट्टीवरचा खडा उडतो, आणि पत्र्याला पोचा पडतो. असा प्रत्येक पोचा मोजला जातो, त्याची जागा, लांबी आणि खोली त्या विमानाच्या नकाशावर नोंदवली जाते आणि उत्पादकाने त्या जागेसाठी घालून दिलेल्या मर्यादेशी ताडून पाहिली जाते. मर्यादेबाहेरचा पोचा दुरुस्त केल्याशिवाय विमान सोडता येत नाही, मर्यादेतल्या पोच्याची नोंद कायम राहते. वर्तुळ याचा अर्थ एवढाच की हा पोचा कुणाच्या तरी नजरेस पडला आहे. वर्तुळ नसलेला नवा पोचा दिसला असता, तर त्या हँगरमध्ये तुमच्याआधी इंजिनिअरच थबकले असते.

चंदेरी पट्टीला तिथली मंडळी स्पीड टेप म्हणतात. ती ॲल्युमिनियमची असते, जोराचा वारा आणि टोकाचे तापमान सहन करते, आणि विमानाच्या बळकटीशी संबंध नसलेल्या जागी, पुस्तिकेत परवानगी असेल तिथेच, नोंद करून तात्पुरती लावली जाते. कित्येकदा तिच्याखाली फटी बुजवणारे ताजे सीलंट वाळत असते. ‘पुढच्या तपासणीला होईल’ हे वाक्यही ऐकायला बेफिकीर वाटते, पण पुढे ढकलता येणाऱ्या बिघाडांची प्रत्येक विमान-प्रकारासाठी मंजूर यादी असते. त्या यादीत कोणती गोष्ट बंद असताना, कोणत्या अटींवर आणि किती दिवस उडता येईल हे लिहिलेले असते. बऱ्याच नोंदींना बिघाडाच्या गांभीर्याप्रमाणे ३, १० किंवा १२० दिवसांची मुदत असते. जी गोष्ट या यादीत बसत नाही आणि सुरक्षिततेसाठी लागते, ती दुरुस्त होईपर्यंत विमान जागचे हलत नाही. प्रवाशांना विमानतळावर तासन्‌तास ताटकळावे लागते त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते, हे जाता जाता सांगून ठेवते.

आता तुमच्या पत्रातल्या एका गृहीताकडे वळू. ‘हँगरमध्ये मला एकही दोष दिसायला नको होता’ असे तुम्ही लिहिले आहे. मला यात फार मोठी गफलत दिसते. देखभालीची सारी रचनाच दोष असतात, ते निर्माण होत राहतात आणि ते शोधायचे असतात, या मान्यतेवर उभी आहे. १९७८ साली अमेरिकी नियमांत एक महत्त्वाचा बदल झाला : विमानाच्या सांगाड्यात तडा आहेच असे धरून चालायचे, तो किती वेगाने वाढेल याचा हिशेब करायचा, आणि तो धोकादायक होण्याच्या पुष्कळ आधी सापडेल अशा अंतराने तपासण्या ठेवायच्या. तडा जाणारच नाही अशी हमी कुणीही देत नाही. तडा सापडेल अशी व्यवस्था केली जाते.

ही व्यवस्था कधीच फसली नाही असे मी तुम्हाला सांगणार नाही, कारण ते खरे नाही आणि तुम्हीही त्यावर विश्वास ठेवणार नाही. १९८८ साली हवाई बेटांवर जवळपास ९० हजार उड्डाणे झालेल्या एका विमानाच्या पुढच्या भागाचे छत हवेत असतानाच फाटून उडून गेले. एका हवाई सेविकेचा मृत्यू झाला. वैमानिकांनी विमान उतरवले आणि बाकी सारे वाचले. त्यानंतर जुन्या विमानांच्या तपासणीचे नियम जगभर कडक झाले, आणि उड्डाणांच्या संख्येनुसार सांगाड्याच्या जोडांची बारीक तपासणी करण्यावर भर आला. तुम्ही पाहिलेल्या कामातला काही भाग त्या एका दुपारच्या घटनेतून आलेला आहे.

माणसाच्या चुकीबद्दलही असेच. शिडीवरचा तो तरुण तंत्रज्ञ सहकाऱ्याशी बोलत हसत होता, ‘याचे लक्ष तरी कामात होते का’, असे तुम्ही विचारता. त्याचे लक्ष क्षणभर ढळले असेलही. त्याचे लक्ष कधीच ढळणार नाही असे धरून तिथले नियम लिहिलेले नाहीत. विमानाची दिशा आणि उंची बदलणाऱ्या यंत्रणांना हात लावला, तर एकाने केलेले काम दुसऱ्या अधिकृत व्यक्तीने स्वतंत्रपणे तपासून सही करायची असते. तुम्हाला समुद्रावरून जायचे आहे म्हणून आणखी एक नियम मुद्दाम सांगते. दोन इंजिनांची विमाने समुद्रावरून लांबचा प्रवास करतात तेव्हा त्यांना देखभालीचे जादा नियम लागू होतात. त्यांपैकी एकानुसार दोन्ही इंजिनांवरचे तेच काम एकाच खेपेला एकाच तंत्रज्ञाने करायचे नसते, आणि तसे करणे टळतच नसेल तर वेगळी पडताळणी सक्तीची असते. एखाद्याने एका इंजिनावर चूक केली, तर तीच चूक तो दुसऱ्यावरही करील, एवढा साधा विचार त्यामागे आहे. मला हा नियम फार आवडतो, कारण तो माणसाला दोषी न धरता त्याच्या चुकण्याची तजवीज करतो.

दुसऱ्यांदा गेलात तर अवजारांच्या कपाटाजवळ थोडा वेळ थांबा. खणात फोमचा जाड थर असतो आणि त्यात प्रत्येक पान्याच्या, स्क्रू-ड्रायव्हरच्या आकाराची खाच कापलेली असते. खाली उठून दिसणारा रंग असतो, त्यामुळे एक जागा रिकामी राहिली तरी लांबून दिसते. काम संपल्यावर अवजारे मोजली जातात आणि एखादे सापडले नाही, तर ते सापडेपर्यंत किंवा ते विमानात राहिलेले नाही याची खात्री होईपर्यंत विमान सोडत नाहीत. तसेच चाकाजवळ वाकून ब्रेकची पिन दाखवायला सांगा. ती एक लहानशी धातूची काडी असते. ब्रेक लावलेला असताना ती जेवढी बाहेर दिसते तेवढा ब्रेक अजून शिल्लक आहे असे समजायचे, आणि ती कडेला टेकली की ब्रेक बदलायचा. झीज होणार हे गृहीत धरून ती मोजण्याची सोय त्या भागातच केलेली आहे. पंख वाकताना पाहून तुम्हाला धडकी भरते असे तुम्ही लिहिता, म्हणून हेही सांगते : प्रत्यक्ष सेवेत येऊ शकणाऱ्या सर्वांत मोठ्या भाराच्या दीडपट भार विमानाच्या सांगाड्याने निदान ३ सेकंद पेलला पाहिजे, अशी अट असते. बोइंग ७७७ चा पंख १९९५ साली मुद्दाम मोडेपर्यंत वाकवला गेला तेव्हा तो त्या सर्वांत मोठ्या भाराच्या १५४ टक्क्यांवर मोडला.

एवढे वाचून तुम्हाला कदाचित हायसे वाटेल, आणि मला काळजी आहे ती नेमकी त्याचीच. उद्या सकाळी नवा प्रश्न उभा राहील. ‘आणि जर दुसऱ्या माणसानेही न पाहताच सही केली तर?’ त्याला मी उत्तर देईन, मग तिसरा येईल. भीतीला शंभर टक्के खात्री हवी असते, आणि शंभर टक्के खात्री कोणत्याही हँगरमध्ये, कोणत्याही कागदावर मिळत नाही. तुम्ही विमानाचे वय शोधता, हवामानाचे अंदाज पाहता, अपघातांचे व्हिडिओ पाहता, आणि प्रत्येक वेळी थोडा वेळ बरे वाटून पुन्हा तिथेच येता, हे तुमच्याच पत्रात आहे. हँगरची भेटही तुम्ही त्याच कामासाठी वापरलीत असे मला वाटते. तुम्ही तिथे खात्री आणायला गेला होता आणि हाती प्रश्न घेऊन परतलात, म्हणून भेट वाया गेली असे तुम्हाला वाटते.

म्हणून तुमच्या पहिल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे : हे पाहिलेले बरेच झाले. मात्र पाहिल्याने भीती जाईल ही अपेक्षा सोडून द्यावी. यंत्राची माहिती डोक्याला पटते. शरीराला पटायला तो प्रसंग भोगावा लागतो : आसनावर बसून, दार बंद झाल्यावर, छाती धडधडत असताना, आणि तरीही काही विपरीत घडले नाही हे अनुभवून. भीतीवरच्या उपचारांत, विशेषतः वर्तनोपचारात, ज्याची भीती वाटते त्याला पायरीपायरीने सामोरे जाणे हा भाग गेल्या कित्येक दशकांपासून मध्यवर्ती आहे. हँगर ही त्यातली एक पायरी आहे आणि ती उपयोगाची पायरी आहे, पण तिथेच घुटमळत राहिले तर तीही टाळाटाळीची जागा होते.

तुमच्या गटाबद्दल मी हे जरा हलक्या हाताने विचारते. वर्षभर एकत्र बसणे, बोलणे, धीर देणे झाले. या काळात किती जण विमानात बसले? पत्रात त्याचा उल्लेख नाही. एकटे न वाटणे ही लहान गोष्ट नाही, आणि ‘मलाही असेच होते’ हे वाक्य ऐकून माणसाला किती बळ येते हे मी जाणते. पण सर्वांना भीती वाटते म्हणून सर्वांनी मिळून प्रवास पुढे ढकलणे हीसुद्धा गटाची सवय होऊ शकते. त्यामुळे आयोजकांनी एकत्र प्रवासाचा बेत आखला याचा मला मनापासून आनंद वाटला. बाकीच्यांच्या हलक्या मनाशी स्वतःला ताडून पाहणेही थांबवा. हँगरमधून बाहेर पडताना वाटलेली सुटका आणि विमानाचे दार लागताना वाटणारी भीती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्या दोघांनी तिकिटे काढली त्यांच्यासाठी मला बरे वाटते, पण त्यांची परीक्षा अजून व्हायची आहे. तुमच्या रात्रीच्या जागरणाबद्दल गटाच्या पुढच्या बैठकीत सांगा. आणखी कुणीतरी ते मनात दाबून बसले असण्याची शक्यता मला बरीच वाटते.

गट सोडू नका, आणि दुसऱ्या भेटीलाही जा, पण दोन अटींवर. पहिली अशी की एकत्र प्रवासासाठी तुमचे नाव भेटीच्या आधीच द्या. ‘हँगर पाहून मन तयार झाले तर नाव देईन’ असे ठरवलेत, तर त्या हँगरवर पुन्हा खात्री देण्याचे ओझे पडेल आणि ते त्याला पेलणार नाही. दुसरी अशी की जाण्याआधी कागदावर लिहून ठेवा : मला तिथे काय दिसेल असे वाटते, ते पाहून मला काय होईल असे वाटते, आणि ते किती वेळ टिकेल. परतल्यावर त्याखाली प्रत्यक्षात काय झाले ते लिहा. विमानप्रवासाच्या आधी आणि नंतरही हेच करा. भीतीचे भाकीत आणि घडलेली गोष्ट यांतले अंतर स्वतःच्या अक्षरात दिसले की ते विसरणे अवघड जाते.

तिथे विचारायचे प्रश्नही निवडून न्या. ‘हे सुरक्षित आहे ना?’ हा प्रश्न विचारू नका, त्याचे उत्तर ‘हो’ असेच येईल आणि ते गाडीत बसेपर्यंतही टिकणार नाही. हा दोष कुणाला सापडला, कसा सापडला, निर्णय कोण घेतो, सही कुणाची, असे विचारा. प्रवासात कोणते आवाज येतात तेही विचारून घ्या. उड्डाणानंतर थोड्याच वेळात इंजिनांचा आवाज एकदम कमी होतो आणि पुष्कळांना विमान खाली जात असल्यासारखे वाटते. ते इंजिनांचा जोर ठरल्याप्रमाणे कमी केल्यामुळे होते. चाके आत घेताना दणका बसतो, पंखांच्या कडा सरकताना घरघर होते, आणि एअरबस ए३२० जातीच्या विमानांत निघण्याच्या वेळी पायांखालून कुत्रा भुंकल्यासारखा आवाज येतो, तो द्रवदाब यंत्रणेतल्या एका पंपाचा असतो. आवाज ओळखीचे असले की भीती उठतेच, पण तिला कल्पना लढवायला कमी वाव मिळतो.

प्रवासाच्या दिवशी भीती दाबण्याचा आटापिटा करू नका. हवाई सेविकेला चढतानाच सांगा, त्यांना याची सवय असते. विमान हेलकावे खाते तेव्हा पंखांजवळच्या जागी ते थोडे कमी जाणवतात. आसनाचे हात घट्ट आवळलेले ध्यानात आले की बोटे सैल सोडा, श्वास बाहेर सोडताना जरा लांबवा, आणि भीतीला तिच्या गतीने चढू द्या आणि उतरू द्या. ‘आता थांबले पाहिजे’ हा हुकूम तिला जितका देऊ तितकी ती वाढते.

ओळखीतल्या कुणीतरी सुचवलेल्या शांत करणाऱ्या गोळीबद्दल तुम्ही ओझरते लिहिले आहे. तो निर्णय तुमच्या डॉक्टरांचा आहे आणि दुसऱ्याला दिलेली गोळी तर कदापि घेऊ नये. पण डॉक्टरांशी बोलताना हे ध्यानात असू द्या की १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विमानाची भीती असलेल्या स्त्रियांपैकी ज्यांना पहिल्या प्रवासात अल्प्राझोलाम हे शांत करणारे औषध दिले होते, त्यांना तेव्हा बरे वाटले. आठवड्याने गोळीशिवाय प्रवास करताना मात्र त्यांना औषधाविना गेलेल्यांपेक्षा अधिक त्रास झाला. गोळीच्या आधाराने पार पडलेल्या प्रवासाचे श्रेय मन गोळीला देते आणि स्वतः काही शिकत नाही, असा त्याचा अर्थ लावला जातो.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी एक गोष्ट स्पष्ट करते. ज्यांना यंत्र बिघडण्याची भीती वाटते त्यांना हँगरचा उपयोग होतो. ज्यांना बंद जागेत कोंडल्यासारखे होते, मध्येच उतरता येणार नाही या विचाराने धाप लागते, किंवा एखाद्या अपघाताची जखम मनात ताजी आहे, त्यांना उघडे इंजिन पाहून फारसे काही मिळणार नाही. त्यांनी आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे किंवा वर्तनोपचार करणाऱ्या समुपदेशकांकडे जावे. दिवसाचे तासच्या तास विमानांची माहिती तपासण्यात जात असतील, तर त्यांनीही तेच करावे.

राहिला बहिणीचा प्रश्न. न जाण्याचाही तुम्हाला अधिकार आहे, आणि कुणीही विमानात बसलेच पाहिजे असे माझे म्हणणे नाही. पण ‘रजा नाही’ हे कारण आहे तोवर तिला तुमची मदत करता येत नाही. साठीच्या उंबरठ्यावरच्या त्या बाईंना धाकट्या बहिणीच्या भीतीपेक्षा तिची टाळाटाळ अधिक लागत असेल. या आठवड्यात तिला फोन करा आणि खरे सांगा : मला विमानाची भीती वाटते, मी प्रयत्न सुरू केला आहे, वाढदिवसापर्यंत जमेलच असे वचन देत नाही. एवढेच. त्या फोनमध्ये तिकिटाची तारीख ठरवू नका.

एकत्र प्रवास झाल्यावर, तो बरा होवो की रडतकढत होवो, पुढचा प्रवास शक्यतो काही आठवड्यांच्या आतच करा आणि तोही छोटाच ठेवा, कारण एका प्रवासाने आलेला धीर बराच काळ वापरला नाही तर ओसरतो. समुद्रापलीकडचे तिकीट त्यानंतर काढा. ते काढताना भीती वाटत असली तरी काढा, आणि काढल्यावर विमानाचे वय शोधायला बसू नका.